समोर न हसणारं माणूस

अहो, तुम्हाला कब्रस्तानात ठेवून परत आलेली माणसं आपल्या बाहेरच्या खोलीत बसून हसत होती. तक्रार म्हणून सांगत नाही, तुम्हाला कळावं म्हणून सांगते. आधी सगळे रीतीप्रमाणे मान खाली घालून बसले होते. मग शेजारच्या गाळ्यावरचे जगताप तुमचा एक किस्सा सांगायला लागले, तोही तुमच्या आवाजात, आणि तो त्यांना जमेना. जमेना म्हणूनच सगळे हसले. आत माझ्याभोवती बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावून माझ्याकडे चोरून बघितलं. वरच्या मजल्यावरच्या रुक्साना म्हणाल्या, भाभी, तुमची तर घरात रोज हसून हसून पुरेवाट होत असेल. मी त्यांना म्हटलं, चहा गार होतोय.

दुसरं काय सांगणार होते? ज्या माणसानं अख्ख्या मार्केट यार्डाला हसवलं, ज्याचे लेख वाचायला लोक दिवाळी अंक मागच्या पानापासून उघडायचे, त्याची बायको त्याच्यासमोर एकदाही मोठ्यानं हसली नाही, हे त्या दिवशी सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला ते पक्कं माहीत होतं. हिला एकदा मोठ्यानं हसवायचं आणि मग मरायचं, असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात आणि लोक त्यालाही हसायचे. तो विनोद नव्हता हे फक्त मला ठाऊक होतं.

आता इद्दत पाळून घरात बसले आहे. बाहेर पडायचं नाही, म्हणजे लिहायला वेळ आहे. तुमची बातमी वर्तमानपत्रात आली. त्यात तुमचा धंदा, पुस्तकं, वय सगळं बरोबर आहे. फोटो मात्र तुम्ही कुठल्याशा सभेत जांभई आवरत होता त्या वेळचा आहे. तुम्हाला तो आवडला असता. मला जे लिहायचंय ते त्या बातमीत बसणारं नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते मला पुरं करायचं आहे.

नवा लेख झाला की आधी मला वाचून दाखवायचा, ही तुमची पद्धत. बाजार बंद असेल त्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मी मेथी निवडायला बसले की तुम्ही कागद घेऊन समोर यायचात. मला वाटायचं तुम्ही कागदाकडे बघून वाचता. तुमचं लक्ष माझ्या हातांकडे असतं हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. ओळ जमली की माझे हात थांबायचे, नाही जमली की निवडणं चालू राहायचं, आणि तेवढ्यावर तुम्ही लेखात काटछाट करायचात. एखाद्या संपादकानं फोन करून कौतुक केलं की तुम्ही त्याला सांगायचात, हो, त्या ओळीला मेथी थांबली होती. त्या बिचाऱ्याला काही कळायचं नाही.

हात थांबायचे, पण हसू बाहेर यायचं नाही. समोर कुणी आपल्या हसण्याची वाट बघत बसलं की माझं हसू जागच्या जागी बसतं, लहानपणापासून. आपल्या लग्नाच्या फोटोत तुम्ही तोंडभर हसताय आणि मी साक्षीदार म्हणून बोलावल्यासारखी उभी आहे. तुम्ही तो फोटो भिंतीवर लावलात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून म्हणायचात, बघा, तेव्हापासून प्रयत्न चालू आहेत.

मला हसू यायचं ते छापलेलं वाचताना, एकटीला. नाना पेठेतल्या वाचनालयात माझी सारी नोकरी काउंटरमागे गेली. विनोदी पुस्तकं नेणारी माणसं मी जवळून बघितली आहेत. कपाटासमोर उभ्याउभ्या पान उघडतात आणि हसू आलं की पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करतात. मग तीच ओळ पुन्हा वाचतात आणि पुन्हा हसतात. एक निवृत्त फौजदार यायचे. एकाच पुस्तकातलं एकच पान वाचून खांदे गदागदा हलवायचे आणि पुस्तक परत कपाटात ठेवून जायचे. घरी का नेत नाही विचारलं, तर म्हणाले, घरी माझा दरारा आहे. तेव्हापासून माझं मत ठाम आहे, विनोद छापलेलाच बरा. वाचणाऱ्याला हवं तिथे थांबता येतं, मागे जाता येतं, आणि आपण हसलो की नाही हे लेखकाला कळायचं काही कारण नसतं.

तुम्हाला हे मत साफ नामंजूर होतं. कागदाला नाक नसतं, असं तुम्ही म्हणायचात. केळं पिकलं की नाही हे पाटीवर लिहून कळत नाही, वास घ्यावा लागतो, तसं वाक्य कुठे चढलं आणि कुठे उतरलं हे लिहिणाऱ्याच्याच तोंडून कळतं. तुमचं आयुष्य लिलाव पुकारण्यात गेलेलं. आवाज कुठे ओढायचा, कुठे एकदम तोडायचा, समोरच्याला विचार करायला किती अवधी द्यायचा, हे तुम्हाला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं, आणि ते तुम्ही मला मुद्दाम ऐकवायचात.

एकदाच मी तुम्हाला तुमच्याच धंद्यात पकडलं. तुमच्या अब्बांच्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, भाव ठरायचा, आणि भोवती उभ्या असलेल्यांना पत्ता लागायचा नाही. मी म्हटलं, छापलेला विनोद म्हणजे तो सौदा. लिहिणाऱ्याचं बोट आणि वाचणाऱ्याचं बोट, मध्ये तिसरं कुणी नाही. तुम्ही हातातला कागद खाली ठेवलात. मग म्हणालात, "म्हणून तर तो बंद करून उघडा लिलाव आणला. रुमालाखाली शेतकरी फसायचा." भांडण तिथे मिटायला हरकत नव्हती. पण मी म्हटलं की इथे फसणारं कुणी नाही, आणि ते पुढे चालू राहिलं.

आता 'ओळख पाहिजे' या तुमच्या लेखाबद्दल, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. लग्नानंतर काही वर्षांनी तुम्ही माझ्या वाचनालयाचे सभासद व्हायला आलात. नियम असा होता की नव्या माणसाला ओळखणाऱ्या जुन्या सभासदानं तसं लिहून द्यायचं. तुम्ही गाळ्यावरून थेट आलेले, शर्टाला केळीच्या चिकाचे डाग, आणि म्हणालात, ओळख द्यायला बायको आहे ना. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा, दुसरा कुणी सभासद आणा. घडलं ते एवढंच. पुढे कधीतरी तुम्ही त्याचा लेख केलात. लेखातली काउंटरमागची बाई नवऱ्याकडे चष्म्यावरून बघते आणि भर वाचनालयात म्हणते, "मी ह्यांना रोज बघते. पण ओळखते असं लेखी द्यायला मला अजून थोडा वेळ लागेल."

हे मी म्हटलेलं नाही. तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, म्हणाली नाहीस, पण बघितलंस तसंच. त्या वाक्यानंतर लेखात आणखी एक ओळ आहे, शेवटची. ती जास्तीची आहे, गंमत बाईच्या बोलण्यावर संपते, ती ओळ काढा, असं पुस्तक निघताना मी किती वेळा सांगितलं. तुम्ही काढली नाहीत. हा एकच लेख तुम्ही मला आधी वाचून दाखवला नव्हता, कारण तो माझ्यावर होता. तो एकदम दिवाळी अंकात छापूनच आला. जिथे मेथीच नव्हती तिथे तुला मत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

मग बोलत्या पुस्तकांचं प्रकरण आलं. तोवर गाळा पुतण्याकडे सोपवून तुम्ही घरी बसायला लागला होता आणि चार पायऱ्या चढलं तरी तुम्हाला दम लागायचा. आपला आरिफ हिंजवडीहून घरी आला की सांगायचा, अब्बा, तिकडे जाता-येता लोक आता पुस्तकं कानानं वाचतात. त्यानंच त्या कंपनीशी गाठ घालून दिली. तुमच्या पुस्तकाला तुमचाच आवाज हवा म्हणून त्यांनी तुम्हाला कोथरूडच्या स्टुडिओत नेलं, आणि तिथे तुम्ही सरकारी निवेदन वाचावं तसं दामटून वाचून आलात. काचेपलीकडे केतकी होती, ध्वनिमुद्रण करणारी मुलगी, पण काचेत तुम्हाला स्वतःचंच तोंड दिसत होतं. घरी येऊन म्हणालात, तो समोरचा म्हातारा काही हसवण्यासारखा वाटेना.

कंपनीनं सुचवलं की एखाद्या कसलेल्या नटाकडून वाचून घेऊ. नमुनाही पाठवला. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. पण त्या गृहस्थांनी पुस्तकातले आपले हमाल मुद्दाम गावंढळ केले. लेखांत सारखे येणाऱ्या तुमच्या मामूंना असा सूर लावला की त्यांचा जन्म पुण्यात नाही, एखाद्या सिनेमात झाला असावा. आणि प्रत्येक गमतीच्या आधी स्वतःच थोडं हसून घेतलं. तुम्ही ऐकून म्हणालात, चांगला वाचतो की. मग उठून गच्चीत जाऊन उभे राहिलात. तुम्ही खचला होतात, मला पाठीवरून कळत होतं.

त्या दिवशी छापील विनोदाची कड घेणाऱ्या मी, मीच केतकीला फोन लावला. तिला म्हटलं, "ऐकवायचंच असेल तर ह्यांनीच वाचायचं. नाहीतर पुस्तक छापलेलं आहे, लोक वाचतील." ती म्हणाली, काकू, पण काका स्टुडिओत मोकळे होत नाहीत. मी म्हटलं, मग स्टुडिओ बदला, माणूस कशाला बदलता. हे वाक्य तुम्ही पुढे येईल-जाईल त्याला सांगत होता आणि दर वेळी त्यात माझ्या तोंडी थोडी भर घालत होता. पण तुम्ही खूश होता, म्हणून मी बोलले नाही.

जागा तुम्हीच शोधलीत. मार्केट यार्डातली आपली केळी पिकवायची खोली. जाड भिंती, जाड दार, आत शिरून दार लावलं की बाहेरचा ट्रकसुद्धा ऐकू येत नाही. पुतण्यानं ती मोकळी करून दिली आणि गार हवेचं यंत्र बंद केलं. पहिल्या दिवशी तुमचा आवाज भिंतींच्या पत्र्यावर आपटून असा घुमला की तुम्ही स्टेशनवर गाडीची सूचना देताय असं वाटलं. मग आपल्या सुनेनं, शबानानं, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या आणून चारी भिंतींना टांगल्या.

पण खोली पूर्ण रिकामी ठेवणं तुमच्या जिवावर आलं. जागा आहे तर माल ठेवा, ही सवय हाडात मुरलेली. कोपऱ्यात कच्च्या केळ्यांचे क्रेट तुम्ही राहू दिलेत. यंत्र बंद, चहूबाजूंनी गोधड्या, आणि आत रोज आपण तिघं. निम्मं पुस्तक वाचून व्हायच्या आत तो सगळा माल एकदम पिकला. जन्मभर केळी पिकवलेल्या माणसानं ही चूक करावी. तुम्ही केतकीला सांगितलंत, माझ्या वाचनानं पिकली. मी म्हटलं, काळी पडली आहेत. तुम्ही म्हणालात, मग कालचे लेख जरा जास्त झाले असतील. केतकीच्या कंपनीत पुढे दोन-तीन दिवस सगळे केळी खात होते.

मला समोर बसवायची अट तुमची. केतकीनं विचारलं, कशाला? तुम्ही म्हणालात, "समोर न हसणारं माणूस लागतं मला. त्याशिवाय मला वाचता येत नाही." तेव्हा एका उलट्या क्रेटवर मी आणि दुसऱ्यावर तुम्ही. मेथी आणायला बंदी होती, देठ मोडल्याचा आवाज यंत्रात जातो म्हणून. मी हात मांडीवर ठेवून बसले आणि तुम्ही त्या रिकाम्या हातांकडे बघत वाचलंत. दम लागला की थांबायचात, पाणी प्यायचात, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायचात. शबानानं मला बाहेर नेऊन सांगितलं, अम्मी, अब्बांना झेपत नाहीये, थांबवू या. मी म्हटलं, तू थांबवून बघ.

खरं सांगू? त्या खोलीत तुम्ही मला फार देखणे दिसलात. गळ्याला मफलर, नाकावर उतरलेला चष्मा, हातात स्वतःचंच पुस्तक. मामू बोलले की मामूच बोलायचे, हमाल बोलले की हमाल, आणि मध्ये तुम्ही कुठे दिसायचा नाहीत. त्या नटाला जे गोड आवाजात जमलं नाही ते तुम्ही अर्ध्या दमात करत होता. मला तुमचा अतोनात अभिमान वाटत होता. तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही, कारण तुम्ही बघत होता.

'ओळख पाहिजे' तुम्ही सगळ्यांत शेवटी वाचलात. ते वाक्य आलं, मी न म्हटलेलं, आणि तुम्ही थांबलात. नेहमीपेक्षा किती तरी जास्त. मला वाटलं दम लागला. केतकीनंही मान वर केली. पाणी द्यायला मी उठणार, तेवढ्यात तुम्ही बोटानं बस म्हणून खुणावलंत, आणि मग ती जास्तीची ओळ वाचलीत. दार उघडून बाहेर आल्याबरोबर मी म्हटलं, मघाची ती जागा लांबली, ऐकणाऱ्याला वाटेल यंत्र बंद पडलं. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे. मी म्हटलं, लांबली. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे, जुलेखा. पुढे कळेल तुला." ते भांडण रिक्षात चाललं, जेवताना चाललं, आणि शेवटी दवाखान्यात तुमच्या नाकात नळी असताना चाललं. तिथल्या सिस्टरनं आरिफला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या घराचा काही वाद आहे का?

पुस्तक ऐकायला मिळू लागलं तेव्हा मी ते ऐकलं नाही. समोर बसून ऐकलंय, पुन्हा कशाला, असं म्हटलं. पण बाकीच्यांनी ऐकलं. ज्या हमालांनी तुमचं एक पान वाचलं नव्हतं त्यांनी गाड्या खाली करताना ऐकलं, आणि आपलं नाव कुठल्या लेखात आहे यावरून गाळ्यावर भांडणं झाली. एका समारंभात एक बाई तुम्हाला म्हणाल्या, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो, घरी कुठली भाषा बोलता? पिढ्यान् पिढ्या ह्याच शहरात काढलेल्या माणसाला हा प्रश्न काही पहिल्यांदा आला नव्हता. मला राग आला. तुम्ही हात जोडून म्हणालात, घरी बायको बोलते, मी ऐकतो. बाई हसल्या, आणि आपण काय विचारलं हे त्यांना नंतर कळलं असावं, कारण जाताना त्यांनी तुमचं पुस्तक मागून घेतलं.

आणि परवा आरिफच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर आले होते, ताथवड्याकडचे. मी आतून ऐकत होते. ते आरिफला सांगत होते, "गाडी पुलावर अडाकली की म्या ह्यांनाच लावतो बघा. समदी पोरं मान खाली घालून मोबाईल बघत बसल्याली असत्यात, आन् एकदम समदीच हसत्यात. परवा एकजण तर उतरंना. म्हणला, मामूंचं सपू द्या की." आरिफ त्यांना दारापर्यंत सोडून आला. थोड्या वेळानं मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला. माझ्या वाचनालयात असं कधी झालं नव्हतं, सगळ्यांनी एका ओळीला एकदम हसण्याचं. तिथे प्रत्येकाची भिंत वेगळी होती. हे मी तुम्हाला दवाखान्यात कबूल केलं नसतं, म्हणून आता लिहिते.

मग केतकी आली. माझ्याजवळ चटईवर बसली, रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, काकू, त्या जागेबद्दल काकांनी तुम्हाला सांगितलं का? मी म्हटलं, काय सांगायचं होतं? कंपनीचा नियम असा की एवढी मोठी शांतता कुठे राहू द्यायची नाही. ती कापू का, हे विचारायला तिनं तुम्हाला फोन केला होता. तुम्ही तिला म्हणालात, "बाकी हवं ते काप. तेवढं राहू दे. हिचं हसणं तेवढं असतं. मी एकदा ऐकलंय."

कुठे, मी विचारलं. तिनं तुमच्या तोंडून ऐकलेलं सगळं सांगितलं. एका दिवाळीच्या सुमारास तुम्ही भर दुपारी वाचनालयात आलात, मला न कळवता. काउंटरवर कुणी नव्हतं. मागच्या कपाटांआडून हसण्याचा आवाज येत होता, चांगला मोठ्यानं, आणि तो माझा होता. तुम्ही काउंटरशी उभे राहून तो संपेपर्यंत ऐकलात आणि आल्या पावली परत गेलात. केतकीनं तुम्हाला विचारलं होतं, मग काकू काय वाचत होत्या? तुम्ही म्हणालात, "बघितलं नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर?"

एवढी वर्षं, अहो. एवढी वर्षं हे पोटात ठेवून तुम्ही माझ्या हातांकडे बघत बसलात आणि एकदा विचारलं नाहीत. सगळ्या बाजारात कुणाची भीडभाड न ठेवणारा माणूस, बायकोच्या हातात कुणाचं पुस्तक आहे हे बघायला भ्याला. तुम्ही गेल्यापासून मला पहिल्यांदा तुमचा राग आला. मग रडू आलं, ते केतकी गेल्यावरही थांबेना.

काल दुपारी शबानाचा फोन मागून घेतला. तो लेख लावून दे म्हटलं आणि तिला बाहेर पाठवलं. स्वयंपाकघरात बसले, सवयीनं मेथीची जुडी पुढे ओढली. तुमचा आवाज आला. तो ऐकून आपण कोसळू अशी मला धास्ती होती, पण तुम्ही इतकं छान वाचलंय की कोसळायला सवड मिळाली नाही. समोर तुमची खुर्ची रिकामी होती. तुम्ही वाचत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. आपल्या संसारात असं कधी झालंच नव्हतं. तुमचा आवाजही होता आणि छापलेलं वाचताना असतो तसा एकांतही होता. मेथी थांबली. ते वाक्य आलं, मी आयुष्यात कधी न म्हटलेलं, आणि मला हसू फुटलं, मोठ्यानं, अगदी पार शेजारी ऐकू जाईल असं. शबाना धावत आली, तिला वाटलं मी रडतेय.

आणि तुम्हाला सांगायचं ते हे, की तुम्ही ठेवलेली जागा कमी पडली. मी लांबली म्हणत होते, तुम्ही बरोबर आहे म्हणत होता, आपण दोघंही चुकलो. माझं हसणं आवरेना, तिकडे तुम्ही ती शेवटची ओळ वाचून मोकळे झालात, आणि ती माझ्या हसण्याखाली गेली. फोनवर मागे कसं जायचं ते मला येत नाही. उठून कपाटातून पुस्तक काढलं आणि ती ओळ वाचली. "बरीच वर्षं झाली, मी अजून काउंटरसमोरच उभा आहे."

ती ओळ जास्तीची नाही, हे मान्य. मी ती पुन्हा वाचली, आणि पुन्हा वाचली. छापलेलं असलं की असं मागे जाता येतं, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

तर आता लेखी देते, सगळ्यांना वाचता येईल असं. इस्माईल बागवान यांना मी ओळखते. चांगलं ओळखते. त्या दुपारी कपाटांमागे माझ्या हातात नवा दिवाळी अंक होता, आणि मी 'ओळख पाहिजे' वाचत होते.